इतर हक्क

नाना गाडीत बसले की रेक्झिनची बॅग मांडीवर घेतात, तिच्यावर दोन्ही हात ठेवतात आणि डोळे मिटतात. शिरवळ जातं, खंबाटकी घाट चढून गाडी पलीकडे उतरते आणि नानांचे डोळे आपोआप उघडतात. काच खाली होते. नाकपुड्या फुगवून ते हवा आत घेतात आणि म्हणतात, "बघ. रेट इथून बदलला."

हवेलाही रेट असतो हे मला नानांमुळे कळलं.

नाना आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. एका बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस कर्ज विभागात. लोक तारण म्हणून जमिनीचे कागद घेऊन यायचे आणि त्यात खोट कुठे आहे ते शोधून नाना लिहून ठेवायचे. खोट सापडली नाही की त्यांना रात्री झोप लागायची नाही, असं नानी सांगतात. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि रेक्झिनची बॅग मिळाली. शाल नानींनी कामवाल्या मावशींना दिली, नारळाची बर्फी झाली आणि बॅग घेऊन नाना डोंगरात जमीन बघायला लागले. त्याला आता अकरा वर्षं झाली.

जमीन बघणं आणि जमीन घेणं यांतला फरक पुण्या-मुंबईच्या लोकांना वेगळा सांगायला नको. घरटी नाही तरी जिनाटी एक असा गृहस्थ असतोच. रविवारी सकाळी सुरूर फाट्यावर मिसळ खाताना तो दिसतो. पायात नवे बूट, डोक्याला टोपी आणि तोंडी एकच प्रश्न, "इकडे गुंठा काय चाललाय?" मिसळवाल्यालाही तोच विचारतो. मिसळवाला न अडखळता आकडा सांगतो, कारण त्याच्या मेव्हण्याचीही एक जमीन विकायची असते. पण हे सगळे हौशी लोक. दोन पावसाळे फिरतात, तिसऱ्या वर्षी कुठलं तरी फार्महाउस भाड्याने घेऊन वाढदिवस करतात आणि विषय मिटवतात. नानांनी या क्षेत्रात साधना केली आहे.

नानांचा सिद्धांत असा, की परवडणारा डोंगर नेहमी पुढच्या घाटापलीकडे असतो. त्यांचा सगळा प्रवास म्हणजे या सिद्धांतापुढे घेतलेली शिस्तबद्ध माघार आहे. सुरुवात लोणावळ्यापासून झाली. "लोणावळा आपल्या हातून पंच्याऐंशी सालीच गेला," असं ते म्हणतात तेव्हा त्याआधी तो त्यांच्या हातात होता की काय असं वाटतं. मग मुळशी गेली. मग पानशेत गेलं. भोरला दोन वर्षं तळ होता, तिथून हटून वाईला आले. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला एकदा चहा प्यायले आणि चहाचा दर ऐकूनच जमिनीचा विचारला नाही. तेव्हापासून मोर्चा सह्याद्रीच्या मागच्या अंगाला वळला आहे. मेढा, बामणोली, तापोळा. त्याच्या पलीकडे पाटण. पाटणच्या पलीकडे कोकण, आणि कोकणातलं घर नानांच्या आजोबांनीच विकलेलं.

"मग तिथेच राहायचं होतं ना," मी एकदा म्हणालो.

"तेव्हा ते डोंगर नव्हते रे," नाना म्हणाले. "तेव्हा ती अडचण होती."

पण कोकणातलं घर गेलं तरी एक शेपूट मागे राहिली होती, आणि नानांचं सगळं भवितव्य त्या शेपटीला लटकलेलं. आपल्याकडे १९४८च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आहे. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आधी शेतकरी व्हायचं, मग जमीन घ्यायची. आणि शेतकरी व्हायचं तर आधी जमीन हवी. बाकीचे लोक या ठिकाणी डोक्याला हात लावतात. नानांनी कोकणातल्या एका सामाईक सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव शोधून काढलं. वारसनोंदी केल्या, खेटे घातले, फेरफार मंजूर करून घेतला. साडेचार वर्षांनी नानांच्या नावावर दोन पै हिस्सा लागला. हिशेब केला तर पाऊण गुंठ्याच्या आत. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, १०८९ चौरस फूट. त्याचा पाऊण हिस्सा, तोही कातळ, आणि त्यावर चुलतभावाचा फणस.

पण त्या दिवसापासून नाना शेतकरी झाले, आणि हा बदल नुसता कागदावर राहिला नाही. सप्टेंबरात पाऊस लांबला की गॅलरीत उभे राहून आकाशाकडे बघत "यंदा काही खरं नाही" म्हणतात. भाजीवाल्याशी घासाघीस करणं त्यांनी सोडलं, कारण "शेवटी आपलाच माणूस आहे". बजेट लागलं की टीव्हीसमोर बसून "आम्हाला काय मिळालं?" असं विचारतात. शेतकरी दाखला लॅमिनेट करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला आहे. तिथेच आठ-अ, तीस मीटरचा टेप, होकायंत्र, भिंग, ओव्याची डबी आणि घडीचं स्टूल.

आता जमीन बघण्याचा प्रत्यक्ष विधी. एजंट बहुधा पांढऱ्या शर्टात, मोटरसायकलवर, फाट्यावर उभा असतो. त्याच्या भाषेत जमिनीचे दोन प्रकार. एक 'टच' आणि दुसरा 'व्ह्यू'. रोड टच, धरण टच, झरा टच. जिला काहीच टच होत नाही तिला व्ह्यू असतो. धोम व्ह्यू, पांडवगड व्ह्यू. एकाने तर आम्हाला 'फुल सनसेट' दाखवला होता. सकाळी साडेदहा वाजता.

"साहेब, टायटल क्लिअर. एकदम काचेसारखं."

"काचेसारखं असेल तर आरपार काय दिसतं ते बघू," असं म्हणत नाना स्टूल उघडतात.

यापुढचा अर्धा तास मात्र नाना वेगळेच असतात. सातबारा बॅगेतच राहतो. ते त्या उतारावर बसतात. खाली भाताची खाचरं, पलीकडे डोंगराची धार, कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा. वाऱ्याने त्यांचे उरलेसुरले केस उभे राहतात. चेहरा हळूहळू सैल पडतो. "घर इथे नको," ते हलक्या आवाजात म्हणतात, जणू जमीन ऐकेल. "घर मागे. इथे फक्त ओटा. ओट्याला जांभ्या दगडाची कड. आणि सकाळी इथे बसायचं." हे बोलताना त्यांनी अकरा गुंठे मनात घेऊन, कुंपण घालून, आंब्याची कलमंसुद्धा लावलेली असतात. अकराच का, तर पूर्वी या भागात बागायत जमीन अकरा गुंठे असली की तुकडेबंदीच्या तावडीतून सुटायची. १९४७च्या त्या कायद्याने ठरवलेल्या प्रमाणाहून लहान तुकडा विकता येत नाही. म्हणून माळरानावर कुठेतरी विहीर नोंदवायची, जमीन बागायत करून घ्यायची आणि अकरा-अकरा गुंठ्यांच्या वड्या पाडायच्या. आता ते प्रमाण बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे झालं आहे, तरी नाना अकराच म्हणतात. त्यांचं स्वप्न जुन्या दराने ठरलेलं आहे.

अर्ध्या तासाने नाना उसासा टाकतात आणि भिंग काढतात. इथून पुढे बँक सुरू होते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. वर जमीन कोणाची ते, खाली पीक काय ते. पण नाना या दोन्हीकडे बघत नाहीत. त्यांची नजर थेट एका रकान्यावर जाते, 'इतर हक्क'. मालकाचं नाव मोठ्या दिमाखात डावीकडे असतं, तर या रकान्यात दाटीवाटीने बसलेली असते जमिनीची सगळी भानगड. कुणाचं कूळ, कुणाची वाट, सोसायटीचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, विहिरीतल्या पाण्याची पाळी, पुनर्वसनाचा शेरा. "माणूस कसा आहे हे त्याच्या मित्रांवरून कळतं आणि जमीन कशी आहे हे इतर हक्कांवरून," असं नाना म्हणतात. मित्र त्यांना स्वतःला फारसे नाहीत.

भिंग एका ओळीवर थांबतं. नाना एजंटकडे बघून हसतात. हे हसणं कर्ज विभागातलं असावं, कारण ते बघताच एजंटचा चेहरा कर्जदारासारखा होतो.

"हे काय आहे?"

"काय नाय साहेब, जुनी नोंद हाय. ती निघंल."

"निघाली की मला कळव."

या एका वाक्यावर नानांनी आजपर्यंत ब्याऐंशी जमिनी सोडल्या. आकडा त्यांचाच, वहीत लिहिलेला. एक भोगवटादार वर्ग दोन निघाली, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हलवता न येणारी. एक देवस्थानची. एकीला रस्ता होता पण रस्त्याची नोंद नव्हती, दुसरीला नोंद होती पण रस्ता ओढ्यातून वाहून गेलेला. धरण टच म्हणून दाखवलेली एक जमीन नाना ऑगस्टमध्ये पुन्हा बघून आले. धरण तिला टच करून पुढे गेलं होतं. कोयनेकडची एक कागदाला अगदी निर्मळ होती. तेव्हा नानांनी स्टूलवरून उठून ११ डिसेंबर १९६७चा भूकंप काढला.

पाण्याच्या बाबतीतही असंच. हा सगळा मुलूख विचित्र आहे. पाचगणी ते महाबळेश्वर वीस किलोमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्यात पाऊस दोन-तीन पटींनी वाढतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो. आणि त्याच डोंगररांगेतल्या वाड्यांवर एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन झऱ्याशी ताटकळतात. जांभ्याचा सडा आणि तीव्र उतार, पाणी थांबायला कुठे तयारच नाही. म्हणून एकदा पाणाड्या आणला. त्याने हाताच्या तळव्यावर नारळ आडवा ठेवला आणि माळावर चालू लागला. एका जागी नारळ टुणकन उभा राहिला. एजंटने टाळी वाजवली. नाना त्या जागेपाशी गेले, होकायंत्र बघितलं आणि पाणाड्याला म्हणाले, "हे तुम्ही लेखी द्याल का?" नारळ आडवा झाला.

नाना निसर्गप्रेमी आहेत हे सांगायचं राहिलं. माधव गाडगीळ समितीचा २०११चा अहवाल त्यांनी वाचला आहे, २०१३चा कस्तुरीरंगन अहवालही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली संवेदनशील जाहीर झाला तो निर्णय त्यांना ऐतिहासिक वाटतो. २०१२ मध्ये कास पठार जागतिक वारशात गेलं तेव्हा सोसायटीत पेढे वाटले. जाताना गाडीत हा विषय असतो. डोंगर पोखरतात, बंगले बांधतात, लोकांना लाज नाही. येताना बहुधा असं असतं, की "या गावाला झोन लागायच्या आत एन.ए. करून टाकलं असतं तर..." पश्चिम घाटाचं रक्षण त्यांना मनापासून हवं आहे. ते फक्त नानांचा ओटा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू व्हावं.

नानींना हे सगळं बघून पाठ झालं आहे. त्या कधी येत नाहीत. थालिपीठं बांधून देतात आणि दारात उभ्या राहून मला सांगतात, "यांना ऊन लागू देऊ नकोस, आणि विसार देऊ देऊ नकोस." एकदा त्या आल्या होत्या, मेणवलीला. कृष्णेच्या काठावर नाना फडणविसांचा वाडा आहे. वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा तिथल्या घाटावर टांगली आहे. आमचे नाना वाड्यासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "लोकेशन काय निवडलंय!" नानी म्हणाल्या, "त्या नानांना गाव इनाम मिळालं होतं. भिंग घेऊन बसले असते तर पेशवाई त्याआधीच बुडाली असती." त्यांचं स्वतःचं म्हणणं साधं आहे. त्यांना गुडघ्याचा डॉक्टर, औषधाचं दुकान आणि रिक्षा या तीन गोष्टी लागतात. या तिन्हींतली एक जरी कुठल्या डोंगरावर दिसली, तर त्या सामान बांधायला तयार आहेत.

आणि मग त्र्याऐंशीवी जमीन आली.

जावळी तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या रविवारी चार गाड्या जाऊन उभ्या राहतील. गावात तीस घरं, त्यातल्या बावीस घरांना कुलूप. हे या भागातलं नेहमीचं दृश्य. इथली माणसं पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेली. गोदीत, गिरणीत, मशीद बंदरला, वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायला. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे लढलेले अण्णासाहेब पाटील शेजारच्या पाटण तालुक्यातलेच. मागे डोंगरात उरल्या म्हाताऱ्या. वरीनाचणी करायची, तर रात्री रानडुकरं उकरतात आणि दिवसा गवे चरतात. म्हणून पड. आणि पडीक जमीन दिसली की खंबाटकीच्या अलीकडच्या माणसाला तिचा व्ह्यू दिसायला लागतो.

उताराच्या टोकाला एक मोठा काळा खडक होता, बैलाच्या पाठीसारखा. नाना त्याच्यावर बसले. स्टूल उघडलंच नाही. समोर शिवसागराचं पाणी लांबवर आत शिरलेलं, पलीकडे वासोट्याच्या बाजूचं जंगल. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. भिंग बाहेर येईना. एजंट अस्वस्थ झाला, मीही झालो.

शेजारच्या घरातून एक आजी काठी टेकत आल्या.

"कुठनं आला म्हणायचं?"

"पुण्याहून."

"जिमीन बघाया?"

"हो."

आजींनी नानांच्या बुटांपासून टोपीपर्यंत नजर फिरवली. "माजी पोरं तिकडं ऱ्हायाला गेली, नि तुमी हिकडं येताय व्हय? मग मदी कुठं गाठ पडती का न्हाय?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "चला, च्या घ्या. दूध न्हाय."

कोरा चहा पीत नानांनी सातबारा काढला. त्रेचाळीस नावं. अर्धी माणसं वारलेली, कुणाच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, तर ते अज्ञान बाळ आता साठीला आलेलं. आणि इतर हक्कात, १९७२च्या दुष्काळातल्या सोसायटीच्या चारशे रुपयांच्या बोजाखाली, एका बाईचं नाव. नानांनी वाचून विचारलं, या कोण?

"मीच की," आजी म्हणाल्या.

त्यांचा नवरा १९७८ साली मुंबईत पोत्याखाली सापडून गेला. फेरफार करताना दिरांची नावं मालकांत लागली आणि विधवेचं नाव टाकलं इतर हक्कात. बायकांच्या बाबतीत तेव्हा सर्रास असंच होई. बहिणी, विधवा, सगळ्या त्या रकान्यात. ज्या घरात आम्ही चहा पीत होतो, ज्या शेतात त्यांनी सत्तेचाळीस पावसाळे ओणव्याने भात लावला, तिथे कागदावर आजी कोण होत्या, तर सोसायटीच्या बोजाच्या शेजारीण.

नाना काही बोलले नाहीत. येताना गाडीत डोळे मिटलेच नाहीत. खंबाटकीपाशी म्हणाले, "एवढा घाणेरडा सातबारा मी आयुष्यात पाहिला नाही." बरं वाटलं, म्हटलं सुटलो. तर म्हणाले, "हा मी साफ करणार. साफ करून मग घेणार."

पुढची तीन वर्षं नाना तरुण झाले. मृत्यूचे दाखले जमवले. १९३० पासूनचे फेरफार उतरवून आणले. जुने मोडीत होते, ते वाचणारे एक गृहस्थ वाईत शोधून काढले. सोसायटीकडून बेबाकीचा दाखला आणून दुष्काळातला बोजा उतरवला. मोजणी झाली, हद्दीचे दगड लागले. वंशावळ एका ड्रॉइंगच्या कागदात मावेना म्हणून तीन कागद चिकटवून केली. त्रेचाळीस नावांचे एकसष्ट वारस निघाले. हे सगळं स्वतःच्या खर्चाने. आमच्या सोसायटीतल्या लिफ्टची वर्गणी मात्र ते अजून तळमजल्याच्या मुद्द्यावर देत नाहीत.

शेवटी सगळ्यांची संमती घ्यायला आम्ही कोपरखैरण्याला गेलो. माथाडी वसाहतीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, एका वेळी वीसेक माणसं, बाकीची जिन्यात. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला ही मंडळी भेटायची, पण जत्रेत जमिनीचं बोलायचं नाही असा दंडक. नानांनी वंशावळ भिंतीवर लावली आणि पट्टी घेऊन, साहेबांसमोर प्रस्ताव मांडावा तशी वाचायला सुरुवात केली. मूळ पुरुष. त्याचे चार मुलगे. त्यातला तिसरा निपुत्रिक. जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "निपुत्रिक नव्हता ओ, त्याला पोरगी हुती! ती आमची आजी!" नानांनी पेन काढून तिथेच दुरुस्ती केली. एकाच बिल्डिंगमध्ये पार्किंगवरून भांडणारे दोघे सख्ख्या चुलतभावांचे नातू निघाले. एका म्हाताऱ्याने उठून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि ते काढेचना. चार तास हे चाललं. कुणीतरी वडापाव आणले. विक्रीचा विषय निघेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले होते. निघाला तेव्हा आजींचा नातू, मालवाहू टेम्पो चालवणारा तिशीतला पोरगा, वंशावळीचा फोटो काढत म्हणाला, "नाना, एवढं सगळं एकत्र आलंय तर आता विकायची कशाला?"

खोलीत शांतता झाली. मी नानांकडे बघितलं. बावीस वर्षं कर्ज विभागात काढलेल्या माणसाला या वाक्यातली खोट लगेच सापडायला हवी होती. नानांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

येताना लोणावळ्याला चहाला थांबलो. नाना म्हणाले, "मी असतो तर मीही विकली नसती. एवढा स्वच्छ सातबारा कुणी विकतो का?"

हे गेल्या वर्षीचं. पोराने तिथे आता चार तंबू टाकले आहेत. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची मंडळी येतात. पिठलं-भाकरी, शेकोटी, सकाळी पाण्यावरचं धुकं. येणाऱ्यांपैकी दर तिसरा माणूस जेवण झालं की विचारतो, "इकडे गुंठा काय चाललाय?" पोरगा त्याला खडकाकडे पाठवतो. खडकावर नाना बसलेले असतात. महिन्यातून दोन रविवार ते जातात. तंबूचे पैसे पूर्ण देतात, पावती घेतात, पावतीतली चूक दाखवतात. पाहुण्याला शेजारी बसवून विचारतात, "शेतकरी आहात का?" मग पाऊस, गवे, बोअर आणि इतर हक्क. अर्ध्या तासात पाहुणा उठून मुकाट्याने गाडीत जाऊन बसतो.

परवा गेलो तेव्हा नवा सातबारा आला होता. पोराने प्रिंट काढून आणली. मालकांच्या रकान्यात, दिरांच्या वारसांच्या रांगेत, आजींचं नाव. आजींना वाचता येत नाही. नानांनी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मग कागद कपाळाला लावून ट्रंकेत ठेवून आल्या. बाहेर येऊन खडकाशी उभ्या राहिल्या.

"नाना, तुमचं नाव लावायचं ऱ्हायलं की वो."

"माझं कशाला?"

"एवढं केलं. या खडकाव बसता. कुठं तरी लावा."

पोरगा हसला. पण नाना गंभीर झाले. कायद्याचा प्रश्न आला की ते हसत नाहीत. "तसा १८८२चा सुविधाधिकार कायदा आहे," ते म्हणाले. "त्यात दुसऱ्याच्या जमिनीतून वाटेचा हक्क आहे, पाण्याचा आहे, उजेडाचा आहे. नुसता बसण्याचा आहे का, बघावं लागेल. आणि असलाच, तर तो मालकांत येणार नाही. इतर हक्कात येईल."

"मग बरं झालं," आजी म्हणाल्या. "मी उठले न्हवं तितनं. जागा मोकळीच हाय. तुमी बसा."